लाल विरजण कुणी बदललं

१

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी जप्त करा आणि उरलेलं आयुष्य मला पातळ पेजेवर ठेवा. नातवंडं म्हणतात, आजी, मागच्या वेळी चंबू बारा होते, आता चौदा कसे झाले? बाराच होते. मोजायला मीच होते, कारण घासायलाही मीच होते.

आमचं घर बुरशीवर चालायचं. हसू नका. लोकांना भांड्यात बुरशी दिसली की भांडं फेकून देतात. आम्ही तिला न्हाऊमाखू घालून वाढवायचो, कारण ती रंग द्यायची. काचेच्या चंबूत साखरपाणी भरायचं, त्यात बुरशीचा कण पेरायचा, कापसाचा बोळा घालायचा आणि अंधाऱ्या खोलीत झुलत्या फळीवर ठेवून द्यायचं. तिला उजेड सोसत नाही, उजेडात ती रंग धरत नाही. पाचव्या दिवशी चंबूतलं पाणी लालभडक. ते गाळून हंड्यात ओतायचं आणि तुरटी लावलेल्या सुताच्या लडी त्यात सोडायच्या. त्या लालसाठी विणकर महिना-महिना माग रिकामे ठेवून थांबत.

आणि हा सगळा लाल यायचा कुठून, तर तीन काचेच्या नळ्यांतून. त्यात मूळ बुरशी जपलेली. आम्ही तिला विरजण म्हणायचो. तुमच्या घरचं विरजण पांढरं असतं, आमचं लाल होतं. माझे सासरे, ज्यांना लहानथोर सगळे दादा म्हणत, ते दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जुनं विरजण काचेच्या बशीत पसरत. बशीत ते वाढलं की एक तारखेला त्यातला चांगला भाग तारेच्या टोकावर उचलून तीन नव्या नळ्यांत पेरत. नळीच्या गळ्यात तारखेची चिठ्ठी मेणाच्या दोऱ्याने बांधत आणि कपाटाला कुलूप. बशी आणि जुन्या नळ्या माझ्याकडे उकळायला. त्यांच्या चिठ्ठ्या दोऱ्यासकट कापून भिंतीवरच्या खिळ्यावर ओवायच्या. वर्षानुवर्षांची ती माळ झाली होती.

तर ती सकाळ. नव्या नळ्या पुऱ्या भरायला तीनएक आठवडे लागत, म्हणून नव्या विरजणाचा हा पहिलाच घाणा, आणि त्याचा पाचवा दिवस होता. दादांनी फळीवरचा एक चंबू उचलला, बल्बपुढे धरला, हलवला, बोळा काढून वास घेतला.

"बल्ब फुसका आहे हा. परत बदला," ते म्हणाले. त्या वर्षातला तो तिसरा बल्ब होता. मग म्हणाले, "झालंय. काढा."

आमच्या ह्यांनी दाराचा जाड पडदा बाजूला सारला, चंबू उजेडात घेतला आणि जागच्या जागी थांबले.

"दादा, हे पांढरं आहे."

बाराही चंबू पाहिले. आत तांदळाचं धुवण असावं तसं पाणी. लाल नावाला नाही. दादांनी गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं. तीनही नळ्या जागेवर होत्या, चिठ्ठ्या दादांच्याच अक्षरातल्या. ह्यांनी त्या दारात नेल्या. आत कापूस भरावा तशी पांढरी बुरशी.

दादांनी एकेक नळी नाकाशी नेली. मग म्हणाले, "कुणीतरी विरजण बदललंय."

अंगणात माझी थोरली जाऊ हंड्याखालचा जाळ सारखा करत होती. दादांनी तिकडे तोंड वळवलं.

"आणि कुणी ते मला ठाऊक आहे."

२

थोरलीबद्दल सांगायला हवं. माझे थोरले दीर लग्नानंतर तीन वर्षांत वारले. नातेवाईक म्हणाले, पोरीला माहेरी धाडा. दादा म्हणाले, ती इथेच राहील. आणि तिला पेरणीच्या टेबलाशी स्वतःच्या शेजारी स्टूल दिलं. तार ज्योतीत कशी लाल करायची, श्वास रोखून बोळा कसा काढायचा, सगळं तिला त्यांनी शिकवलं. कपाटाची दुसरी किल्लीही तिच्याकडेच. मी त्या घरात पंधरा वर्षं होते, मला त्या खोलीत हात धुतल्याशिवाय डोकावायचीही परवानगी नव्हती. हेवा वाटायचा की नाही? वाटायचा. खरं सांगायचं म्हटलंय ना.

पण महिन्यापूर्वी, दादांनी नवं विरजण लावलं त्याच दुपारी, ते झोपेतून लवकर उठले. पाहतात तर कपाट उघडं आणि थोरलीच्या हातात नळी. "काय करतेस?" तर उत्तर नाही. दादांनी किल्ली काढून घेतली, स्टूल काढून घेतलं आणि तिला हंड्यावर पाठवलं. तेव्हापासून घरात दोघांचं बोलणं बंद.

आता दादांनी हिशेब जुळवला. कपाटाला हात लावताना तीच सापडली होती, आणि आज विरजण पांढरं निघालं. म्हणजे तिने आमचं विरजण पळवलं आणि भलतंच काहीतरी नळ्यांत भरून ठेवलं.

"शनिवारपर्यंत माझ्या नळ्या मला परत दे," ते अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले. "नाहीतर तुझी पेटी उचल. या घरात तुला जागा नाही."

थोरलीला जायला दुसरं घर नव्हतं. आई-वडील कधीच गेलेले. आणि चोर म्हणून काढलेल्या बाईला त्या धंद्यात कोण उभं करणार? ती फक्त म्हणाली, "बरं."

नेमक्या त्याच दिवशी पारखीबाई आल्या. विणकरांच्या कारखान्यात रंग पास-नापास करणं हे त्यांचं काम. ठेंगण्या, करड्या केसांच्या, चष्म्याची काच बशीच्या बुडाएवढी जाड. त्यांना पांढऱ्याचे चाळीस प्रकार ओळखता यायचे. मी तीस म्हणाले असते तरी तुम्ही मान डोलावली असती, पण खरे चाळीसच.

त्यांनी चंबू पाहिले, नळ्या पाहिल्या, सगळं ऐकून घेतलं.

"घरातली चोरी आहे बाई, घरातच निस्तरू," दादा म्हणाले.

"लाल एकट्या तुमच्या घरातला नाही गेला, दादा. माझे चौदा माग थांबलेत. शनिवारपर्यंत मी इथेच आहे."

त्या थेट हंड्याशी गेल्या. मी लाकडं आणायच्या निमित्ताने मागोमाग.

"विरजण तू घेतलंस?"

"नाही," थोरली म्हणाली.

"मग त्या दुपारी नळी कशाला काढली होतीस?"

थोरलीने जाळात आणखी एक लाकूड सारलं.

"हे बघ, तुला घराबाहेर काढतायत. सांगितलंस तर कदाचित वाचशील."

"सांगणार नाही."

पारखीबाईंनी चष्मा पुसला. थोरलीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पेटी भरून, दोरीने बांधून तयार होती. शनिवारला अजून पाच दिवस होते.

"चोराने तोंड मिटलेलं मी पाहिलंय," पारखीबाई मला हळूच म्हणाल्या. "पण चोरी न करता निघायची इतकी घाई कुणाला झालेली नाही पाहिली. ही कुणाला तरी पाठीशी घालतेय."

३

घरात उरलं कोण? आमचे हे, मी आणि रुबाब.

रुबाब म्हणजे दादांचा भाचा. रस्त्याकडच्या खोलीत बसून गिऱ्हाईकांना पत्रं लिहायचा, माल पाठवायचा. शर्टाला अशी इस्त्री की कडेने भाजी चिरावी. त्याचं एकच टुमणं होतं, बुरशीचे लाड पुरेत, कारखान्यातली तयार पूड आणा, पाण्यात टाका, मोकळे व्हा. दादा त्यावर बोलतसुद्धा नसत.

मीच पारखीबाईंच्या कानावर घातलं की तीन आठवड्यांपूर्वी हा फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काखेत मारून गेला होता आणि रिकाम्या हाताने परतला होता. चुगली म्हणा हवं तर. थोरलीची पेटी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

पारखीबाई त्याच्या खोलीत जाऊन बसल्या. मी खिडकीचे गज पुसायला घेतले. आठ गज होते, प्रत्येक चारदा पुसला.

"फडक्यात काय होतं?"

"कसलं फडकं?"

"निळ्या चौकड्यांचं. बाहेर ज्या गज पुसतायत ना, त्यांचंच होतं ते."

रुबाबने खिडकीकडे पाहिलं. मी आणखी जोरात पुसलं.

"चंबू होता एक," तो शेवटी म्हणाला. "भरलेला. रंगाच्या मोठ्या कारखान्यात दाखवायला नेला. म्हटलं, त्यांना पसंत पडला तर मामांना मान मिळेल."

"आणि तुला नोकरी."

"तेही."

"मग?"

"त्यांनी तासभर पाहिला. म्हणाले, रंग सुरेख आहे, पण पाच दिवस वाट कोण बघणार? हसत होते, बाई. माझ्यासमोर त्यात बुरशी मरावी म्हणून स्पिरिट ओतलं आणि मोरीत रिकामा केला. काच मी मागाहून गुपचूप फळीवर आणून ठेवली." त्याचा आवाज उतरला होता. "मामांना सांगू नका. मी चंबू नेला, पण नळीला हात लावला नाही. कपाटाची किल्ली मला कोण देतंय?"

"तो चंबू लाल होता?"

"लालच. जुन्या नळ्यांवरचा शेवटचा घाणा होता तो. नवं विरजण लागायच्या आधीचा."

पारखीबाई उठल्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "हा लबाड आहे, पण या वेळचा नाही."

"मग कोण?"

"तू."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

४

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "तू चोर आहेस असं नाही म्हटलं. आता तुझी पाळी, एवढंच."

मला घेऊन त्या मोरीशी आल्या. माझा उकळायचा मोठा कुकर, घासण्या, उन्हात उपडी मांडलेली काच. त्यांनी एक नळी उचलून उजेडात धरली.

"महिन्याला अशा किती घासतेस?"

"सहा."

"दादा दर महिन्याला किती नळ्या पेरतात?"

"तीन."

"म्हणजे टाकायला निघतात त्याही तीनच. मग वरच्या तीन कुठल्या?"

वर्षानुवर्षं मी सहा नळ्या घासत होते. थोरली आणून ठेवायची, मी उकळायची. घासणारीला नळी दिसते, नळीचा हिशेब कोण ठेवतो?

"या महिन्यात किती आल्या?"

मी आठवलं. बोटांवर मोजलं. "तीन. आणि बशी, ती दादांनी स्वतः आणून दिली. मी लगेच उकळून टाकली."

"आधीची सहा ही रीत कधीपासून?"

"माझी मधली मुलगी रांगत होती तेव्हापासून. सहा वर्षं झाली."

पारखीबाई पेरणीच्या खोलीकडे निघाल्या. दादा विसावले होते. खिळ्यावरची चिठ्ठ्यांची माळ त्यांनी अलगद काढली आणि उंबऱ्यात उन्हात येऊन बसल्या. एकेक दोरा चष्म्याला टेकवून बघू लागल्या. मी शेजारी बसले. माझे पाय बधिर झाले तरी त्यांचं बघणं संपेना.

"हा मेणाचा दोरा आहे," त्या म्हणाल्या. "याची गाठ सोडली तरी मोड जात नाही. हात लाव."

मी लावला. गाठीपासून बोटभर अंतरावर दोरा वाकडा होता. तिथे आधी एक गाठ होती. कुणीतरी ती सोडून चिठ्ठी पुन्हा बांधली होती.

"पुढचा बघ."

त्याचंही तसंच. त्याच्या पुढच्याचंही. माळेच्या अगदी तळाशी, फार जुन्या दोऱ्यांवर, मात्र एकच सरळ गाठ. तिथून वर सगळे मोडलेले.

मग त्यांनी ओच्यातून त्या तीन पांढऱ्या नळ्या काढल्या, ज्या बदलल्या म्हणून सगळं घर पेटलं होतं. त्यांचे दोरे पाहिले. मीही पाहिले. सरळसोट. एकच गाठ, दादांची.

"सहा वर्षं या घरातली प्रत्येक नळी कुणीतरी बदललीय," पारखीबाई म्हणाल्या. "न बदललेल्या फक्त या तीन आहेत."

५

मला काही उमगेना. बदललेल्या नळ्यांतून लाल येत होता, आणि ज्यांना कुणी शिवलं नाही त्या पांढऱ्या? मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "उद्या तुझ्या सासऱ्यांशी बोलते. तू आपली दाराआड उभी राहा. नाहीतरी राहशीलच."

राहिले.

दादा टेबलाशी बसून नव्या चिठ्ठ्यांसाठी दोऱ्याचे तुकडे करत होते. एकसारखे, मोजपट्टी न लावता.

"तुमची तब्येत कशी असते?" पारखीबाईंनी विचारलं.

"ठीक. सहा-सात वर्षांपूर्वी छातीचं दुखणं झालं होतं. वर्षभर मूठमूठ गोळ्या खाल्ल्या. आता काही नाही."

"डोळे?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? सुईत दोरा ओवतो मी अजून." त्यांनी खरंच ओवून दाखवला. "फक्त हे बल्ब. पूर्वीसारखे बल्बच येत नाहीत. सगळं मळकट दिसतं."

"पडदा सारून उजेडात का नाही बघत?"

"कशाला? चाळीस वर्षांत नाकाने कळतं मला."

पारखीबाईंनी पिशवीतून एक लडी काढली आणि टेबलावर ठेवली. "ही तुमच्या मागच्या खेपेची ना? गिऱ्हाईक तक्रार करतंय, लाल जरा फिका आहे म्हणून."

दादांनी लडी उचलली. बल्बपुढे धरली. नाकाला लावली, दोन बोटांत चोळली.

"माझाच हा लाल," ते म्हणाले. "फिका कुठे आहे? चांगला चढलाय. त्या गिऱ्हाइकाला म्हणावं, डोळे तपासून घे."

मी दाराची चौकट घट्ट धरली. आदल्या दिवशी मीच ती लडी आमच्या लाल लडींच्या ढिगात खाली दाबून ठेवली होती, पारखीबाईंनी सांगितलं म्हणून. वास लागावा म्हणून.

ती लडी हिरवी होती. डबक्यावरच्या शेवाळासारखी हिरवी.

पारखीबाईंनी ती परत घेतली. "सांगते गिऱ्हाइकाला," म्हणाल्या. आवाजात एवढासाही फरक नाही. बाहेर आल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. मी पाणी दिलं तर तांब्या हातात धरून तसाच ठेवला.

"माझी नजर अशी गेली," त्या म्हणाल्या, "तर मला कुणी सांगू नये असंच मला वाटेल."

"मग नका सांगू."

"मग ती पेटी जाईल."

६

शनिवार उजाडला. थोरलीने पेटी स्वतःच अंगणात आणून ठेवली. पारखीबाईंनी सगळ्यांना पेरणीच्या खोलीत बोलावलं. दादा टेबलाशी, आमचे हे आणि रुबाब भिंतीला, मी हात धुऊन दारात, थोरली माझ्यामागे.

"दादा, तुमचं विरजण कुणी नेलं नाही," पारखीबाई म्हणाल्या. "या नळ्यांत आहे ते तुम्हीच पेरलेलं आहे."

"मी पांढरं पेरीन?"

"बशीत बुरशी वाढते तेव्हा सगळी सारखी वाढत नाही. हे तुम्हीच थोरल्या सूनबाईंना शिकवलंत. रंग धरणारी हळू वाढते, चिकटून बसते. मधूनच एखादा पट्टा रंग सोडतो. मग त्याला दुसरं काम नसतं, तो भराभर पसरतो. दिसायला तोच दांडगा. उचलायचा मात्र लाल कोपरा, लहान असला तरी."

"हे मला सांगताय तुम्ही?"

"सहा वर्षं तुम्ही दांडगा पट्टा उचलताय, दादा."

दादांनी कपाटाकडे तोंड वळवलं.

"आणि सहा वर्षं, दर एक तारखेला, तुम्ही दुपारी पडलात की कुणीतरी त्याच बशीतला लाल कोपरा शोधतं. तीन नव्या नळ्यांत पेरतं. तुमच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या सोडून त्यांना बांधतं, आणि तुमच्या नळ्या मोरीवर ठेवतं. म्हणून मोरीवर सहा येत होत्या. या महिन्यात तुम्ही लवकर उठलात. किल्ली काढून घेतलीत. पहिल्यांदाच तुमच्या नळ्या तशाच राहिल्या. तुम्ही ते का उचलत होता, तर—"

"बाई, पुरे," थोरली म्हणाली.

ती माझ्या अंगावरून आत आली होती. महिन्याभरात पहिल्यांदा त्या खोलीत.

"मी घेतलं विरजण. मी चोरलं. हे बघा, कबूल करते. मी जाते आता."

"कुठे आहे ते?" पारखीबाईंनी विचारलं.

थोरलीने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं.

"नाहीच कुठे. एक कणसुद्धा बाजूला ठेवला नाहीस तू. ठेवला असतास तर आज लाल असता."

"बाई, लोक इतक्या लांबून येतात," थोरलीचा आवाज फुटत होता. "हातात लडी देऊन विचारतात, दादा, हा बरोबर लाल आहे का? त्यांच्याकडे दुसरं काय आहे? मुलगा गेला. आता हेही काढून घेऊ?"

दादांनी हात पुढे केला. "माळ द्या ती."

पारखीबाईंनी चिठ्ठ्यांची माळ त्यांच्या हातात ठेवली. दादांनी डोळे मिटले. अंगठा आणि तर्जनीत एकेक दोरा धरायचा, गाठीवरून बोट पुढे न्यायचं, मोड लागला की थांबायचं. मग पुढचा. दर महिन्याच्या तीन, वर्षाच्या छत्तीस. आम्ही उभे होतो. हंड्याखालची लाकडं विझली, कुणी उठलं नाही. दोनशेच्या वर दोरे त्यांनी चाचपले. एकही सोडला नाही.

तळाशी, सरळ गाठींपाशी, त्यांचं बोट थांबलं.

"मला लाल दिसत नाही," ते म्हणाले. कुणाकडे न बघता. "दुखण्यापासून. आधी वाटलं, बल्ब. मग वाटलं, बुरशीच मळकट निघतेय. पण तुम्ही सगळे तर लाल लाल म्हणत होता, म्हणून मीही म्हणत राहिलो."

मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "चूक माझी झाली, पोरी."

ते उठले. खिशातल्या रुमालाने थोरलीचं स्टूल पुसलं, टेबलाशी सरकवलं आणि बाहेर गेले. आमचे हे धावले, पण दादांनी त्यांना हात लावू दिला नाही. अंगणातली पेटी त्यांनी एकट्याने उचलली आणि थोरलीच्या खोलीत नेऊन ठेवली.

७

लाल मात्र गेलेलाच होता. शेवटची बशी मी उकळली होती, शेवटचा चंबू रुबाबच्या डोळ्यांदेखत मोरीत गेला होता. थोरली म्हणाली, पांढऱ्यातच कुठेतरी एखादा कण असेल. पांढरी बुरशी इतकी विरळ पसरायची की प्रत्येक कण वेगळा उगवेल, आणि बघत बसायचं.

एकशे चाळीस बशा लावल्या. मी उकळल्या, दादांनी ओतल्या, चिठ्ठ्या त्यांनीच बांधल्या. रुबाबने इस्त्रीच्या शर्टात बशा वाहिल्या, मला ते बघायला मिळालं याचा आनंद अजून आहे. थोरली रोज दारात भिंग घेऊन बसायची. पांढरी, पांढरी, मळकट, पांढरी. आठ दिवस गेले. पारखीबाईंनी माग दुसऱ्या रंगाला लावले आणि निरोप धाडला, मी थांबते.

नवव्या दिवशी थोरली एका बशीवर फार वेळ वाकून राहिली. ओरडली नाही. दादांना हाक मारली, त्यांचं बोट धरलं आणि बशीच्या काचेला खालून लावलं.

"इथे. खसखशीच्या दाण्याएवढा आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग घे," दादा म्हणाले आणि तार तिच्या हातात दिली.

त्या दाण्यातून पुन्हा सगळा लाल आला. पारखीबाई म्हणाल्या, पहिल्यापेक्षा अर्धी छटा गडद आहे, पण पास. गिऱ्हाइकं आली की दादा लडी हातात घेत, वास घेत, आणि थोरलीकडे देऊन म्हणत, "हिला विचारा."

आता एक सांगून टाकते, मनात ठेवून झोप येणार नाही. एवढ्या सगळ्यात एक गोष्ट मी पदरची घातली. "चूक माझी झाली, पोरी," हे दादा म्हणालेच नाहीत. लाल दिसत नाही म्हणाले, स्टूल पुसलं, पेटी उचलली, ते सगळं खरं. पण ते वाक्य नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. मी वाट बघत होते, थोरलीही बघत असणार. शेवटी मीच ते गोष्टीत घातलं आणि सांगत सुटले.

दादा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी पोरांना हीच गोष्ट सांगत होते, आणि थोरली तिथेच सुताची लडी गुंडाळत बसली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ते वाक्य तोंडून निघून गेलं. म्हटलं, आता ही मला सगळ्यांसमोर पकडणार.

तिने लडीवरून नजर उचलली नाही.

"हळू म्हणाले होते," ती म्हणाली. "तू फार मोठ्याने सांगतेस."